जुन्या गाडीचा इंजिनावरचा पंखा काढून इलेक्ट्रिक पंखा बसवावा का? डॅशबोर्डवर साधा स्विच पुरेल का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गाडी जुनी, रिअर व्हील ड्राइव्ह, पंखा वॉटर पंपाच्या पुलीवर, आणि ट्रॅफिकमध्ये उभी राहिली की तापमानाचा काटा चढतो. इलेक्ट्रिक पंखा बसवला तर हे थांबेल का, मायलेज वाढेल का, आणि थर्मो स्विच (ठराविक तापमानाला आपोआप चालू होणारा) लावायचा की डॅशबोर्डवर हाताने दाबायचा साधा स्विच चालेल?

शेवटून सुरुवात करतो, कारण त्या शेवटच्या वाक्यासाठीच लिहायला बसलोय. नुसता साधा स्विच चालत नाही. माणूस विसरतो. आमच्या घरात एक माणूस विसरला, सिलिंडर हेड (इंजिनाचा वरचा भाग) गेलं, आणि त्याचं खापर आजतागायत माझ्या डोक्यावर फुटतंय.

गाडी वडिलांची. चार सिलिंडरचं, लांबीत बसवलेलं इंजिन, त्याच्या तोंडाशी पत्र्याचा चार पात्यांचा पंखा. क्लच वगैरे काही नाही, इंजिन फिरेल तसा तो फिरणार. तिसऱ्या गिअरमध्ये जरा ओढली की बोनेटखाली गिरणी सुरू झाल्यासारखी घरघर. आणि गरम व्हायची ती कुठे, तर उभ्या उभ्या. मी तेव्हा नुकता पाने हातात धरायला शिकलो होतो, त्यामुळे सगळं उघडून बघायची खाज होतीच. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याचं एकच पालुपद, "कंपनीच्या लोकांना अक्कल नव्हती का? त्यांनी बेल्टवर पंखा दिला तो उगाच?"

उगाच नव्हे, सोयीसाठी. इंजिन लांबीत बसलं की पंपाची पुली आपोआप रेडिएटरसमोर येते. तिथेच चार पाती बोल्टने आवळली की काम झालं. पुढे इंजिनं आडवी बसायला लागली, बेल्ट बाजूला गेला, रेडिएटर पुढेच राहिला, आणि त्याच कंपन्यांनी निमूटपणे इलेक्ट्रिक पंखे दिले. बेल्टवरच्या पंख्याची खोड अशी की गरज असते तेव्हा तो आळशी आणि नसते तेव्हा उत्साही. गाडी उभी, इंजिन ८०० आरपीएमवर, पंखाही तसाच रेंगाळतो. मोकळ्या रस्त्याला ताशी ६० च्या पुढे गेलात की समोरचा वाराच रेडिएटरला पुरतो, पण पंखा तेव्हा जीव तोडून फिरत असतो. शिवाय फेरे दुप्पट झाले की पंखा ओढायला लागणारी ताकद आठपट होते. हे सगळं मी दादाला तेव्हाही कागदावर मांडून दाखवलं होतं. त्याने त्या कागदावर हिशेब लिहिला, दुसराच कसला तरी.

भंगारातून एका फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीचा पंखा आणला, श्राउडसकट, म्हणजे पंख्याभोवतीच्या, सगळी जाळी झाकणाऱ्या कवचासकट. श्राउड सोडून नुसता पंखा आणू नका. त्याशिवाय पंखा फक्त आपल्यासमोरच्या गोल भागातून हवा ओढतो, रेडिएटरच्या जाळीचे कोपरे कोरडेच राहतात. मागे, इंजिनाच्या बाजूला, जागा असेल तर पंखा मागेच बसवा. पुढे बसवलेला पंखा हवा ढकलतो खरा, पण मोकळ्या रस्त्यावर वाऱ्याच्या वाटेत स्वतःच उभा राहतो. आणि जाळीतून प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओवून पंखा बांधायचा जो प्रकार मिळतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. सहा महिने पट्टी घासते आणि नळीला भोक पडतं. मी पत्र्याच्या पट्ट्या वाकवून रेडिएटरच्या चौकटीवर ब्रॅकेट केले. दिशा तपासायला जाळीसमोर वर्तमानपत्राचा कागद धरला. चिकटून बसला म्हणजे हवा ओढतोय, उडाला म्हणजे वायरी उलट्या.

इथे एक गोष्ट लोक हमखास विसरतात, मीही विसरलो. जुना पंखा आणि त्यामागचा स्पेसर (अंतर ठेवणारा ठोकळा) काढला की पुलीचे तेच बोल्ट आता लांब पडतात. मी तेच परत आवळले. इंजिन सुरू केल्याबरोबर कर्रर्र! बोल्टची टोकं पंपाच्या अंगाला घासत होती. दादा पायरीवर बसून चहा पीत होता. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. आखूड बोल्ट आणले, आवाज गेला, पण दादाच्या लेखी माझा निकाल तिथेच लागला होता.

मग स्विचचा वाद. माझं म्हणणं, रेडिएटरच्या टाकीत थर्मो स्विच बसवू. दादाचं म्हणणं, "ते यंत्र बिघडलं तर कळणार कसं? आपल्या हातातला स्विच बरा. काटा चढला की दाबायचा." वडिलांनी भांडण मिटवलं. आत्ता स्विच लावा, थर्मो नंतर बघू. तो नंतर कधी आलाच नाही, कारण महिनाभरात गाडी दादाकडे गेली.

भर उन्हाळा. दादा, वहिनी, दोन पोरं. मोकळ्या रस्त्यावर दादाने पंखा बंद केला, बॅटरी वाचावी म्हणून. त्यात चूक काही नाही, तिथे पंख्याची गरजच नव्हती. पुढे रेल्वे फाटक लागलं. ते बंद. पोरं मागे भांडताहेत, मागचा ट्रक हॉर्न मारतोय, दादा इंजिन चालू ठेवून बसलाय. वीसेक मिनिटांनी फाटक उघडलं, गाडी निघाली, आणि थोड्या अंतरावर बोनेटमधून वाफ. दादा आजही सांगतो की काटा मध्यावरच होता. असेलही, त्यात मी त्याला खोटं पाडत नाही. पाणी उकळून बाहेर गेलं की सेन्सर पाण्याऐवजी वाफेत लटकतो, आणि काटा चक्क खाली येतो. पण त्याआधी तो चढला असणार, आणि त्या वेळी दादाचं लक्ष आरशात, ट्रककडे होतं. वाफ दिसल्यावरही त्याने "पुढे सावली बघून थांबू" म्हणून तीन किलोमीटर रेटली. अॅल्युमिनियमचं हेड. ते वाकलं, गॅस्केट फुटलं, ऑइल दुधाळ झालं. हेड उतरवून फेसिंग करून, म्हणजे तळ घासून सपाट करून घ्यावं लागलं. नशीब, गरम रेडिएटरचं झाकण उघडायला गेला नाही. दाबाखालचं पाणी शंभराच्या वर असूनही उकळत नाही, झाकण सैल होताच एकदम उसळतं, आणि तोंड भाजतं.

तेव्हापासून घरात चार माणसं जमली की ऐकायचं: "याच्या पंख्याने हेड घालवलं." दादाचं म्हणणं, स्विच चालूच होता, पंखाच फिरला नाही. माझं म्हणणं, दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः स्विच दाबला आणि पंखा फिरला. म्हणजे आदल्या दिवशी स्विच बंद होता. यापलीकडे काय पुरावा हवा?

आता तुमच्यासाठी. स्विच लावायला माझी ना नाही, पण तो थर्मो स्विचला पॅरलल लावा. म्हणजे तो पंखा चालू करू शकेल, बंद करू शकणार नाही. दोघांपैकी कुणीही एकाने सांगितलं की पंखा फिरलाच पाहिजे. थर्मो स्विच टाकीत किंवा होजमध्ये आटा असलेला घ्या, जाळीत खुपसायची सळई नको. सेन्सर इंजिनातून बाहेर येणाऱ्या गरम पाण्यात असेल आणि थर्मोस्टॅट (पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप) ८२ अंशांचा असेल, तर ९२ ला चालू, ८७ ला बंद, असा ठीक. ८० ला चालू होणारा लावलात तर पंखा कधी थांबणारच नाही, कारण थर्मोस्टॅट पाणी त्याखाली जाऊच देत नाही. रेडिएटरच्या थंड बाजूला लावणार असाल तर आकडा कमी लागतो.

पंख्याचा करंट स्विचमधून नेऊ नका, रिले लावा, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारी डबी. तिच्या पिनांवर नंबर असतात. ३० नंबर बॅटरीकडून फ्यूजमधून, ८७ पंख्याकडे, ८५ आणि ८६ कॉइलचे. त्यांतला एक किल्लीवरून येणाऱ्या लायनीला, दुसरा थर्मो स्विचमधून अर्थला, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणाऱ्या वाटेला. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर, पंख्याजवळ नाही. वायर मध्येच घासून शॉर्ट झाली तर पंख्याजवळचा फ्यूज नुसता बघत बसेल. मोठा एकेरी पंखा फिरताना १५ ते २५ अँपिअर खातो आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट. म्हणून रिले ४० चा, फ्यूज ३० चा, आणि तो उडत असेल तर आधी पंखा अडकतोय का ते बघा, मगच ४० चा. वायर ४ स्क्वेअर एमएम, अंतर जास्त असेल तर ६. आणि ३० नंबर किल्लीच्या लायनीवरून घेऊ नका. वाऱ्याने फिरणारा पंखा स्वतःच वीज तयार करतो, ती उलटी इग्निशनमध्ये शिरते, आणि किल्ली काढल्यावरही इंजिन थोडा वेळ चालत राहतं. भूत नाही, वायरिंग.

अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र, बघा. जुन्या गाडीला ३५-४५ अँपिअरचा असेल तर उभ्या इंजिनावर तो त्याच्या निम्मेही देत नाही. हेडलाइटचे दोन ५५ वॉटचे बल्बच ९ अँपिअर घेतात. पावसात, रात्री, ट्रॅफिकमध्ये वायपर आणि पंखा एकत्र चालला की बॅटरी खिशातून भरते. दिवे मंदावले की समजा.

मायलेजचं विसरा. पंख्याचे २० अँपिअर म्हणजे २८० वॉट, आणि अल्टरनेटर ते द्यायला इंजिनाकडून जवळपास ५०० वॉट घेतो. तो थोडाच वेळ चालतो म्हणून बेल्टवरच्या घट्ट पंख्यापेक्षा परवडतो. आवाज जातो, थंडीत इंजिन लवकर तापतं, ओढ जराशी बरी लागते. बस. तुमच्या पंख्याला व्हिस्कस क्लच (आत दाट तेल असलेला, गरम झाला की पंख्याला पकडणारा) असेल तर तेवढाही फरक पडणार नाही, कारण तो क्लच गार असताना पंख्याला सैलच सोडतो. तसं असेल तर सगळा उद्योग करण्याआधी क्लचच तपासा. गरम इंजिन बंद केल्यावर पंखा गरागरा फिरत राहतो का, क्लचभोवती तेलाचे ओघळ आहेत का. असतील तर क्लच बदला, मोकळे व्हा. आणि गाडी मोकळ्या रस्त्यावर ८० च्या वेगातही गरम होत असेल तर कुठलाच पंखा कामाचा नाही. रेडिएटर तुंबलाय, थर्मोस्टॅट अडकलाय किंवा गॅस्केट गेलंय.

एक सूट. पाण्यातून गाडी काढायची वेळ येत असेल तर पंखा बंद करणारा वेगळा स्विच हवा, नाहीतर पाती पाण्याच्या धक्क्याने वाकून जाळीत घुसतात. तो स्विच मात्र सहज हात लागणार नाही अशा जागी लावा. म्हणजे दादासारख्यांचा लागणार नाही.

आणि अर्थ. पंख्याला जाणारी वायर जाड असेल तर परत येणारीही तेवढीच जाड हवी. मी ती १.५ ची घातली होती, आणि लग (वायरीच्या टोकाची कडी) रंगवलेल्या पत्र्यावर स्क्रूने आवळला होता. रंग खरवडला नव्हता. जाणारी-येणारी मिळून चार मीटर वायर १.५ ची असेल आणि २० अँपिअर जात असतील तर एक व्होल्ट वायरीतच जिरतो, रंगावरचा लग त्याहून जास्त खातो. हेड गेल्यानंतर मी पंखा तपासला तेव्हा तो लग काळानिळा पडलेला होता. मघाशी सांगितलं ना की दुसऱ्या सकाळी पंखा फिरला? फिरला, पण हळू. हे मी घरात सांगितलं नाही. वायर बदलली, पत्रा घासून लग नवा लावला आणि गप्प बसलो. हळू फिरणारा पंखाही उभ्या गाडीला अजिबात नसण्यापेक्षा बराच म्हणायचा, तेव्हा त्याने माझा मुद्दा बदलत नाही. पण तुम्ही अर्थ बॅटरीच्या निगेटिव्हवरूनच घ्या, पत्र्यावर विसंबू नका.

दादा हे वाचत असेल तर: स्विच बंदच होता.