आठ आसनांची मागणी, सात आसनांची गाडी आणि अकरा महिन्यांचे मौन

कोल्हापूर जिल्ह्यातील एका वाचकाच्या नऊ जणांच्या एकत्र कुटुंबाने मधल्या रांगेत सलग बाक असलेली आठ आसनांची गाडी नोंदवली होती. दसऱ्याच्या मुहूर्तावर प्रत्यक्ष हाती आली ती मध्ये दोन सुट्या कॅप्टन सीट असलेली सात आसनांची. ‘दोन महिन्यांत कंपनीचा बाक बसवून देतो, आरटीओचे आम्ही पाहतो’ असे विक्रेत्याने तोंडी सांगितले, मुहूर्त टळू नये म्हणून कुटुंबाने गाडी घरी नेली, आणि आता अकरा महिन्यांनी विक्रेता डिलिव्हरीच्या कागदावरची सही दाखवून हात झटकतो आहे. गाडी परत देऊन पैसे मिळतील का, न मिळाल्यास गावातल्या गॅरेजमध्ये बाक बसवून घ्यावा का, आणि तोवर घरातील सर्वांनी एकाच फेरीत प्रवास केला तर चालेल का, असे वाचकाने विचारले आहे. गाडीचे नाव आणि सणाचे नाव बदलून हेच पत्र माझ्याकडे दरवर्षी येते.

आपण ग्राहक आहात आणि आपल्याला हक्क आहेत, हे सांगण्यात जागा घालवत नाही. आपल्या प्रकरणाचा निकाल मालविक्री अधिनियम, 1930 च्या कलम 42 वर अवलंबून आहे. खरेदीदाराने माल नाकारल्याचे विक्रेत्याला न कळवता तो वाजवी काळाहून अधिक स्वतःकडे ठेवला, तर त्याने तो स्वीकारला असे कायदा मानतो. आणि एकदा माल स्वीकारला की कलम 13 नुसार, वर्णनाप्रमाणे माल न देणे हा करारभंग असला तरी त्यासाठी माल परत करता येत नाही, केवळ नुकसानभरपाई मागता येते. अकरा महिने गाडी वापरणे, तिची सर्व्हिसिंग करून घेणे आणि कदाचित विम्याच्या नूतनीकरणाची तयारी करणे, हे सारे कोणत्याही अर्थाने वाजवी काळात बसणारे नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या कलम 39 खाली ग्राहक आयोगाला वस्तू बदलून देण्याचा किंवा किंमत परत करण्याचा आदेश देता येतो हे खरे. तरीही मग इतके दिवस गप्प का राहिलात, हा प्रश्न तेथेही पहिल्याच तारखेला विचारला जाईल.

त्या प्रश्नाला उत्तर देता येईल असा एकच पुरावा आपल्या पत्रातून मला दिसतो, आणि आपण त्याचा उल्लेख जाता जाता एका ओळीत केला आहे, तो म्हणजे पहिल्या महिन्यात सेल्समनला पाठवलेले व्हॉट्सॲप संदेश. त्या संदेशांत नेमके काय लिहिले आहे यावर बरेच काही ठरेल. ‘आम्ही आठ आसनांची गाडी मागितली होती, ही आम्हाला मान्य नाही, बदलून द्या’ असे लिहिले असेल तर नकार वेळेत कळवला होता असे म्हणता येते. ‘बाक कधी बसवणार?’ एवढेच विचारले असेल, तर आपण गाडी स्वीकारली आणि एका जोडकामाची वाट पाहत होता असाच त्याचा अर्थ लावला जाईल. मात्र विक्रेत्याने त्यावर ‘बसवून देतो’ असे उत्तर दिले असल्यास, आपल्या मौनाला त्याचे आश्वासन कारणीभूत होते असा युक्तिवाद करता येतो. त्यावर गाडी परत घेतली जाईल असे मी सांगू शकत नाही, पण भरपाईसाठी तो भक्कम आधार ठरेल. ते संदेश ज्या फोनवर आहेत तो फोन विकू नका किंवा बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 नुसार लागणारे प्रमाणपत्र जोडूनच त्यांच्या छापील प्रती दाखल कराव्यात.

हे सारे एका गोष्टीवर टिकून आहे: बुकिंगच्या कागदावर ‘आठ’ हा आकडा आहे की नाही. ‘तो कागद घरात कुठेतरी असेल’ असे आपण लिहिता, ते वाचून मी थक्क झालो. तो आजच शोधा. त्यावर आसनसंख्या स्पष्ट लिहिली असेल तर मागितलेल्या वर्णनाचा माल दिला नाही हे सिद्ध होते. नुसता व्हेरिएंटचा संकेतांक असेल आणि तो सात आसनांच्या गाडीचाच निघाला, तर सेल्समनच्या तोंडी शब्दांवर आयोग फारसे काही देईल असे मला वाटत नाही. आपल्याविरुद्ध जाणारे कागद मात्र विक्रेत्याकडे नक्कीच आहेत. विक्रीचे प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म 21 आणि नोंदणीचा अर्ज म्हणजे फॉर्म 20, या दोन्हींत ‘आसनक्षमता, चालकासह’ असा रकाना असतो, आणि फॉर्म 20 वर मालक म्हणून आपली सही असते. ‘गर्दीत पाच-सहा ठिकाणी सह्या घेतल्या, काही जागा कोऱ्या होत्या’ हा आपला खुलासा खरा असेलही. सातबाऱ्यावरच्या एका गुंठ्यासाठी तलाठ्याकडे खेटे घालणारी माणसे पंचवीस लाखांच्या गाडीचा अर्ज न वाचता सही करतात, याला मी मुहूर्ताची घाई म्हणायला तयार नाही. या दोन्ही फॉर्मच्या प्रती नोंदणी प्राधिकाऱ्याकडून मागून घ्या; टाळाटाळ झाली तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा.

गॅरेजमधल्या बाकाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. तो बसवू नका. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि उत्पादकाने मुळात नमूद केलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि केरळमधून आलेल्या प्रकरणात 9 जानेवारी 2019 रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा कडक अर्थ लावला आहे. कलम 182अ खाली अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. उत्पादकाने दिलेल्या खटक्याने मागचे आसन दुमडणे, सरकवणे किंवा सामानासाठी आडवे करणे हा अर्थातच बदल नव्हे. पण कॅप्टन सीटचे बोल्ट काढून तेथे तीन जणांचा बाक बसवणे हा बदलच आहे. सातचे आठ होणे म्हणजे केवळ एक आकडा वाढणे, असा विक्रेत्यांनी पसरवलेला समजही चुकीचा आहे. चालक वगळून सहापेक्षा अधिक व्यक्तींसाठी बांधलेले किंवा तसे रूपांतरित केलेले वाहन कलम 2 च्या व्याख्येनुसार ‘ऑम्निबस’ ठरते. म्हणजे आपल्या सात आसनी गाडीत एक आसन वाढवले की तिची कायद्यातली वर्गवारीच बदलते, आणि ‘आरटीओचे आम्ही पाहतो’ या वाक्याने ते काम होत नाही. शिवाय त्या बाकाचे सीट बेल्ट कशाला अडकवलेले असतील, याचा विचार एकदा करून पाहा.

एकाच फेरीत सर्वांनी प्रवास करण्याबाबत मला आपल्यालाच एक प्रश्न विचारावासा वाटतो. घरात माणसे नऊ असताना आठ आसनांची गाडी का निवडली? मागणीप्रमाणे गाडी मिळाली असती तरी नववी व्यक्ती कोणाच्या तरी मांडीवरच बसली असती. नऊ आसनांच्या गाड्या कमी असल्या तरी बाजारात आहेत. त्यांतील काहींत मागची आसने समोरासमोर आडवी असतात आणि लांबच्या प्रवासाला ती सोयीची नसतात, हे मान्य. सीट बेल्टशिवाय बसलेल्या प्रवाशासाठी, आणि न बांधलेल्या चौदा वर्षांखालील मुलासाठीही, कलम 194ब नुसार एक हजार रुपये दंड आहे. पण खरी चिंता विम्याची आहे. क्षमतेपेक्षा अधिक प्रवासी असलेल्या बसच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये विमा कंपनीची जबाबदारी परवानगी असलेल्या प्रवासीसंख्येपुरती मर्यादित केली होती. खासगी गाडीला तो निकाल जसाच्या तसा लागू होईल की नाही यावर वाद घालता येईल, परंतु तो वाद आपल्या घरच्यांच्या नावाने चालू नये असे मला वाटते.

आता तक्रारीविषयी. ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम 69 नुसार दोन वर्षांची मुदत आहे, ती गाडी मिळाल्याच्या दिवसापासूनच मोजा आणि पत्रव्यवहाराने ती वाढते असे समजू नका. गाडीची किंमत पन्नास लाखांच्या आत असल्याने आपण राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, ई-जागृती पोर्टलवरूनही, तक्रार करता येईल. वीस ते पन्नास लाखांच्या टप्प्यात शुल्क एक हजार रुपये आहे. विक्रेत्याला उत्तरासाठी तीस आणि फार तर आणखी पंधरा दिवस मिळतात, आणि मार्च 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ही मर्यादा सक्तीची ठरवली आहे. तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत लागावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी तेवढा काळ नोटीस बजावली गेली की नाही हे पाहण्यातच जातो. म्हणून पुढच्या दसऱ्याआधी काही हाती येईल या हिशेबाने आखणी करू नका.

उत्पादक कंपनीला पक्षकार करावे, पण तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. गोव्यातून गेलेल्या एका प्रकरणात विक्रेत्याने जुन्या वर्षाची गाडी नवी म्हणून विकली होती, आणि त्याची माहिती उत्पादकाला होती हे दाखवले न गेल्याने 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाला जबाबदारीतून मुक्त केले. भरपाईचा आकडाही विचार करून मांडावा लागेल, कारण सात आणि आठ आसनांच्या प्रकारांतील किमतीचा फरक अनेकदा नगण्य असतो आणि केवळ त्यावर दावा उभा राहत नाही. या काळात लग्नकार्याला किंवा देवदर्शनाला दुसरी गाडी भाड्याने घ्यावी लागली असेल तर तिची बिले आणि यूपीआयच्या नोंदी जमा करा. आपले खरे नुकसान त्यांतूनच दिसेल.

तक्रारीआधी वकिलामार्फत नोटीस पाठवा. ती मिळाल्यावर विक्रेता बहुधा अदलाबदलीचा प्रस्ताव देईल, आणि जुन्या गाडीची वाजवी किंमत धरली जात असेल तर तो स्वीकारण्यात गैर काही नाही. मात्र तो लेखी घ्या, त्यात चालकासह आसनक्षमता अंकांत आणि अक्षरांत नमूद करून घ्या, आणि नव्या गाडीच्या फॉर्म 20 मधील तो रकाना भरलेला स्वतः वाचल्याशिवाय त्यावर सही करू नका.