बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलमधून इनऑरगॅनिक केमिस्ट्री खरंच समजते का?
समजते, पण क्षारातले धातू ओळखण्यासाठी त्यांचे जे ग्रुप पाडतात, त्यांचा तक्ता पाठ करून नाही. प्रत्येक पायरीला ‘असं का?’ विचारा. दुसऱ्या ग्रुपला हायड्रोजन सल्फाइड वायू सोडण्याआधी विरल एचसीएल (हायड्रोक्लोरिक आम्ल) का घालतात? आम्लामुळे या वायूतून मिळणारे सल्फाइड आयन इतके कमी होतात, की कॉपरचा काळा अवक्षेप (न विरघळणारा साका) येतो पण झिंक द्रावणातच राहतं. पुढे अमोनियाने माध्यम अल्कधर्मी केलं, की हायड्रोजन सल्फाइडबरोबर तेच झिंक पांढरं होऊन खाली बसतं. सोल्युबिलिटी प्रॉडक्ट (आयनांचं प्रमाण ज्या मर्यादेपलीकडे गेलं की अवक्षेप येतो, ती मर्यादा) असा डोळ्यांनी बघायला मिळतो!

कॉपरच्या द्रावणात अमोनिया थेंबाथेंबानेच घाला. आधी फिकट निळा अवक्षेप, मग तो विरघळून गर्द निळं कॉम्प्लेक्स (कॉपर आणि अमोनियाचं जोडसंयुग). एकदम ओतलात तर मधली पायरी हुकते.

हायड्रोजन सल्फाइड मात्र फ्यूम हूडमध्येच (वायू बाहेर खेचून घेणाऱ्या कपाटात) वापरा. वास यायचा थांबला म्हणजे वायू गेला असं नाही, तो नाकच बधिर करतो.