चाकं घ्या, पण एसआयपी थांबवून नको

पुण्याहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय 35, चाकणला नोकरी, हातात येणारा पगार 88 हजार. गृहकर्जाचा हप्ता 31 हजार, घरखर्च 30 हजार, चार वर्षांच्या मुलीच्या शिक्षणासाठी 10 हजारांची एसआयपी आणि सायकलपायी महिन्याला सहा हजार. (हे सहा हजार त्यांनी न विचारता लिहिलेत, म्हणून माणूस सरळ आहे असं मी धरून चालतो. उरलेले 11 हजार कुठे जातात ते मात्र त्यांनाही सांगता आलेलं नाही.) पत्नीने मुलीसाठी नोकरी सोडली आहे, पुढच्या वर्षी पुन्हा धरायचा विचार आहे. बचत खातं आणि एफडी मिळून गाठीशी 1 लाख 40 हजार. टर्म विमा 50 लाखांचा, कर्ज बाकी 34 लाख.

त्यांना 1 लाख 20 हजारांची कार्बनची चाकं घ्यायची आहेत. 50 मिलिमीटर उंच रिम, 12 महिन्यांचा ‘नो-कॉस्ट’ ईएमआय, आणि त्यासाठी वर्षभर एसआयपी बंद. फेब्रुवारीत 110 किलोमीटरची शर्यत आहे. पण पत्रातली खरी कळ पुढे आहे. त्यांच्या रविवारच्या ग्रुपमधला एक जण अचानक फार जोरात चालवायला लागला. जिमच्या ट्रेनरकडून महिन्याला साडेआठ हजारांचं ‘किट’ घेतो, गोळ्या आणि एक इंजेक्शन. त्यावरून ग्रुपमध्ये वाद पेटला. एक बाजू म्हणते, अमेरिकेचा सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग याच्यापासून सगळ्यांनीच घेतलं, फक्त पकडले गेले ते वाईट ठरले. दुसरी म्हणते, सव्वा लाखाची चाकं लावणं आणि इंजेक्शन घेणं, दोन्हीकडे वेग पैसे टाकूनच आणलाय, मग फरक काय? आमचे वाचक मध्ये सापडलेत. ते लिहितात, “इंजेक्शन मी घेणार नाही. मग निदान चाकं तरी घेऊ नयेत का?”

उत्तर लिहिण्याआधी ओळखीच्या एका सायकलवाल्याकडे जाऊन आलो. त्याने तशीच एक जोडी भिंतीवरून उतरवली, मागचं चाक अक्षाला धरून दोन बोटांनी फिरवलं. पेडल थांबल्यावर हबमधून येतो तो आवाज दुकानभर झाला, रातकिड्यांचा थवा बसावा तसा. मला वाटतं किमतीतले निदान वीस हजार त्या आवाजाचे असावेत. मग मी ती जोडी काट्यावर ठेवायला लावली. 1,480 ग्रॅम. शेजारी, वाचकहो, तुमच्या सायकलीसारख्या सायकलीबरोबर कंपनीतून येणारी ॲल्युमिनियमची जोडी ठेवली, 1,900 ग्रॅम. फरक 420 ग्रॅमचा, म्हणजे भरलेल्या एका छोट्या बाटलीएवढा.

तुम्ही सिंहगड 45 मिनिटांत चढता असं लिहिलंय. तुम्ही, सायकल, पाणी मिळून 85 किलो धरू. चढावर वेळ ढोबळपणे वजनाच्या प्रमाणात वाढतो. 85 किलोत 420 ग्रॅम म्हणजे अर्धा टक्का, 45 मिनिटांचा अर्धा टक्का म्हणजे 13 सेकंद. गोळेवाडीच्या नाक्यावर पास काढताना याहून जास्त वेळ जातो.

सपाटीवर चित्र थोडं बरं आहे. ताशी 35-40 च्या वेगाला उंच रिम हवा कापते आणि पायांची पाच-दहा वॉट ताकद वाचवते. तुम्ही 110 किलोमीटर एकट्याने वारा खात गेलात तर त्याची दोन-तीन मिनिटं होतील. पण शर्यतीत कोण एकटा जातो? घोळक्यात पुढच्याच्या चाकाला चिकटून बसलं की त्याहून कितीतरी पट श्रम फुकटात वाचतात, आणि तिथे रिमचा फायदा बराचसा विरून जातो. हवेला अडतं ते मुख्यतः स्वाराचं अंग. चाकाचा वाटा लहान. कोपर वाकवून, मान खाली घालून तासभर बसायची सवय लावणं ईएमआयवर मिळत नाही, एवढीच अडचण.

टायरचं मात्र वेगळं आहे, आणि इथे मी तुम्हाला आत्ताच खर्च करायला सांगणार आहे. सायकलीबरोबर आलेले जाड, कडक टायर आणि साध्या ट्यूब काढून 28 मिलिमीटरचे चांगले रेसिंग टायर आणि हलक्या ट्यूब घातल्या, हवा वजनानुसार मोजून भरली, तर दोन्ही चाकं मिळून दहा ते वीस वॉट वाचू शकतात. म्हणजे चाकांच्या बरोबरीने, कधी जास्तच. खर्च बारा हजारांच्या आत. घोळक्यातही हा फायदा तसाच राहतो, कारण रस्ता काही आडोसा देत नाही.

आता ‘नो-कॉस्ट’. सप्टेंबर 2013 मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. नाव बदललं, वस्तू तीच राहिली. समजा बँकेचा दर 15 टक्के आहे आणि तुम्ही 10 हजारांचे 12 हप्ते भरणार. तेव्हा कर्ज बसतं सुमारे 1 लाख 10 हजार 800 चं आणि व्याज 9,200 चं. दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट देते म्हणून व्याज दिसत नाही. पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी, साधारण 1,650 रुपये, तुमच्या कार्डावर येतो. वर प्रोसेसिंग फी. मुख्य नुकसान वेगळंच आहे. मी त्याच दुकानात विचारलं, रोख किंवा यूपीआयने दिले तर? पाच टक्के कमी, तो लगेच म्हणाला. झाले सहा हजार. म्हणजे ‘नो-कॉस्ट’ची कॉस्ट पावणेआठ हजारांच्या पुढे. आपल्या टायरांचे दोनतृतीयांश पैसे निघाले त्यात.

एसआयपी थांबवण्याबद्दल आमच्या धंद्यातले लोक एक ठरलेली भीती घालतात. हे 1 लाख 20 हजार 11 टक्क्यांनी 20 वर्षं वाढले तर पावणेदहा लाख होतील, चाकं तुम्हाला पावणेदहा लाखांना पडली, वगैरे. मला हा हिशोब आवडत नाही. सहा टक्के महागाई धरली तर ते पावणेदहा लाख आजचे तीन लाख असतात, आणि या हिशोबाने माणसाने चहासुद्धा पिऊ नये. माझी हरकत साधी आहे. एसआयपी एकदा थांबली की बारा महिन्यांनी ती आपोआप सुरू होत नाही. तेराव्या महिन्यात पॉवर मीटर (पेडलवरची ताकद मोजणारं यंत्र) दिसतो.

आणि गाठीशी 1 लाख 40 हजार. हप्ता आणि घरखर्च मिळून तुमचे महिन्याला 61 हजार जातात. नोकरी गेली किंवा कॉलरबोन मोडलं तर सव्वादोन महिने. घरात दुसरा पगार नाही. एकाच पगारावर चालणाऱ्या घराला मी सहा महिन्यांपेक्षा कमी सांगत नाही, म्हणजे 3 लाख 66 हजार. तुमच्या अर्थकारणातलं फुटकं चाक हे आहे.

आता इंजेक्शन. तुम्ही घेणार नाही म्हणता, तरी ग्रुपला दाखवायला हिशोब हवा असेल तर हा घ्या. साडेआठ हजार महिना म्हणजे वर्षाला 1 लाख 2 हजार. तुमच्या शर्यतीत वयोगटातलं पहिलं बक्षीस 15 हजारांचं आहे. चाकं नको झाली तर निम्म्या किमतीला विकता येतात. वापरलेल्या इंजेक्शनला सेकंडहँड बाजार नाही.

आर्मस्ट्राँगचा दाखला देणाऱ्यांनी त्याची नंतरची बिलंही वाचावीत. 1999 ते 2005 ची टूर द फ्रान्सची सातही जेतेपदं डोपिंगमुळे 2012 मध्ये गेली. जिंकल्यावर मिळणाऱ्या बोनसची जोखीम डलासच्या एससीए प्रमोशन्स या कंपनीने उचलली होती, एक प्रकारे विमाच. तिने शंका काढून पैसे अडवले, 2006 मध्ये तडजोडीत 75 लाख डॉलर दिले, आणि त्याने डोपिंगची कबुली दिल्यावर ते परत मागायला आली. 2015 मध्ये लवादाने त्याला 1 कोटी डॉलर भरायला सांगितलं. त्याच्या संघाचं प्रायोजक होतं अमेरिकेचं टपाल खातं, त्यामुळे सरकारची फसवणूक केल्याचा दावा उभा राहिला. दावा लावला कोणी? जुना सहकारी फ्लॉइड लँडिसने, ज्याचं स्वतःचं 2006 चं जेतेपद डोपिंगमध्येच गेलं होतं. 2018 मध्ये आर्मस्ट्राँगने 50 लाख डॉलर देऊन ते मिटवलं. वर्षानुवर्षं ताळेबंदात न दिसलेलं देणं एकदम दारात उभं राहिलं. आणि त्याच्याकडे वकील ठेवायला पैसे होते.

तुमच्या मित्राचं देणं लहान असेल, पण शून्य नाही. सायकलिंग महासंघाच्या छत्राखालच्या शर्यतीत नाडाचं, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचं, पथक येऊ शकतं, आणि अंगात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार, ‘डब्यावर लिहिलं नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही. जाणूनबुजून घेतल्याचं ठरलं तर बंदी चार वर्षांची. 2023 मध्ये भारतात 5,606 नमुने तपासले गेले, 213 नमुन्यांत बंदी असलेली द्रव्यं सापडली, म्हणजे 3.8 टक्के. एवढ्या चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण लाजिरवाणं आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्लीच्या राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेत तपासणीचं पथक आल्याची बातमी फुटली आणि शंभर मीटरच्या अंतिम फेरीत एकच धावपटू उरला. तेव्हा ‘सगळेच घेतात’ हे वाक्य मी हसण्यावारी नेत नाही. पण त्यातून ‘म्हणून आपणही’ कसं निघतं ते मला कळलेलं नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या खात्यातली. तुम्हाला टर्म विमा वाढवायला हवा, 50 लाखांतून 34 लाख कर्ज फेडलं तर बायको-मुलीला उरतं काय? आणखी एक कोटीचा घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेवढी सोय झाली आहे. त्या अर्जात प्रश्न असतो, डॉक्टरांनी न दिलेली औषधं घेता का. रक्त तपासलं जातं. स्टेरॉइड घेणाऱ्याचं चांगलं कोलेस्टेरॉल पडलेलं असतं, यकृताचे आकडे बिघडलेले असू शकतात, आणि हप्ता वाढतो किंवा अर्ज परत येतो. लपवलं, आणि पहिल्या तीन वर्षांत काही झालं, तर कंपनी ते लपवणं पुढे करून दावा नाकारू शकते. मित्राला हे सांगा. आणि ते इंजेक्शन ईपीओचं असेल, तर मूत्रपिंडाच्या रोग्यांच्या रक्तक्षयासाठी बनलेलं हे औषध धडधाकट माणसाने घेतलं की रक्त दाट होतं, एवढं तरी त्याच्या ट्रेनरने सांगितलंय का, तेही विचारा.

चाकं आणि इंजेक्शन एकच, हा युक्तिवाद मला कच्चा वाटतो. चाकं सगळ्यांना दिसतात, नियमात बसतात, प्रतिस्पर्धी उद्या तीच विकत घेऊ शकतो. हां, चाकांच्या बाजूनेही चोरी होते. 2016 मध्ये बेल्जियममधल्या झोल्डरला सायक्लोक्रॉसच्या (चिखल-मातीतल्या सायकल शर्यतीच्या) जागतिक स्पर्धेत फेमके व्हान डेन ड्रीशे या मुलीच्या सायकलीच्या सांगाड्यात चक्क मोटर सापडली, सहा वर्षांची बंदी झाली. पण ते सोडा. तुमच्या पत्रात मला दिसलं ते असं की चाकांची हौस तुम्हाला वर्षभरापासून आहे, पण घाई या महिन्यात सुटली, मित्र बोपदेव घाटात पुढे निघून गेल्यावर. त्याच्या इंजेक्शनला तुम्ही तुमच्या मुलीच्या एसआयपीने उत्तर देताय. तो पुढच्या महिन्यात डोस वाढवेल, मग तुम्ही काय विकाल?

तेव्हा असं करा. एसआयपीला हात लावू नका. टायर आणि ट्यूब या पगारात घ्या. हरवणाऱ्या 11 हजारांतले सहा हजार पगार झाल्या दिवशीच वेगळे काढा, आपत्कालीन निधीत. सायकलच्या सहा हजारांतले साडेतीन हजार रिकरिंगमध्ये, नाव ‘चाकं’. (रविवारच्या राइडनंतरचा नाश्ता या साडेतीन हजारांत येतो असा माझा अंदाज आहे. पोहे घरीही होतात.) दिवाळीच्या बोनसबद्दल तुम्ही साठ हजार लिहिलेत. यंदाच्या आणि पुढच्या, दोन्ही बोनसचा अर्धा निधीला, अर्धा चाकांना. वर्षभरात चाकांच्या खात्यात एक लाखाच्या आसपास जमेल, निधी पावणेतीन लाखांवर जाईल. पत्नीचा पगार सुरू झाला असेल तर निर्धास्तपणे रोख देऊन पाच टक्के कमी करून घ्या, जुनी जोडी विका. नसेल सुरू झाला, तर चाळीस-पन्नास हजारांची हलकी ॲल्युमिनियमची जोडी बघा. पुण्याच्या खड्ड्यांत कार्बनची रिम तडकली की ती फेकावीच लागते.

वैयक्तिक अपघात विमा लगेच घ्या, 25 लाखांचा, वर्षाला काही हजारांत होतो. सही करण्याआधी वगळलेल्या गोष्टींचं पान वाचा. बऱ्याच पॉलिसींत शर्यतीत भाग घेताना झालेली दुखापत धरत नाहीत. तसं असेल तर फेब्रुवारीच्या आयोजकांनी स्पर्धकांचा विमा काढलाय का, किती रकमेचा, हे प्रवेश फी भरण्याआधी विचारा.

आणि काढलेले जुने टायर टाकू नका. पावसाळ्यात कामावर जायला-यायला तेच बरे.