वाचकांचे प्रश्न : धनुष्याचा गाभा आणि सांधा

प्रश्न : सरावासाठी मी घरीच थरांचे धनुष्य केले. वाड्याच्या जुन्या चौकटीतल्या सागाच्या पट्ट्या गाभ्याला घेऊन दोन्ही बाजूंना फायबरग्लासच्या पट्ट्या सुतारी पांढऱ्या गोंदाने चिकटवल्या. आठ दिवस दोरी चढवून ठेवली, तर खालच्या भुजेचा थर सुटला. लाकूड चुकले की गोंद? – एक वाचक, इंदूर

उत्तर : दोन्ही, पण आधी गोंद. पांढरा गोंद पाणी उडून वाळतो आणि फायबरग्लास पाणी शोषत नाही. शिवाय सततच्या भाराखाली हा गोंद कणाकणाने सरकतो, आणि चढवलेली दोरी आठ दिवस तोच भार देत होती. येथे दोन भागांचे, सावकाश घट्ट होणारे इपॉक्सीच हवे.

धनुष्य ओढताना सर्वाधिक ताण आणि दाब बाहेरच्या पृष्ठभागांवर येतो व तो फायबरग्लासमधले काचतंतू सोसतात. गाभ्याने त्या दोन थरांना ठरलेल्या अंतरावर धरायचे आणि एकमेकांवरून घसरू द्यायचे नाही. म्हणून गाभ्याचे लाकूड हलके, सरळ रेषांचे आणि चिकटण्यास अनुकूल असावे. सागाचा लौकिक दारे-खिडक्यांत खरा आहे, मात्र त्याच्या अंगचे तेल सांध्याला बाधते. आपल्याकडे बांबूसारखा गाभा नाही, असे माझे मत आहे. झाबुआ-अलिराजपूरच्या भिल्लांचे धनुष्यही बांबूचेच असते. पूर्ण वाळलेल्या बांबूच्या चिपा काढून, पेरे रंधून, कडेला कड जोडून पट्टी करावी. सागच वापरायचा असेल, तर चिकटवण्याच्या अगदी आधी ॲसिटोनने पुसावा.

गाभा आणि फायबरग्लास यांचे एकमेकांना चिकटणारे पृष्ठभाग 60 ते 80 नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडून घ्यावेत (काचेची धूळ फुप्फुसांना घातक, मास्क लावाच) आणि त्यानंतर त्यांना बोटही लावू नये. इपॉक्सी दोन्हीकडे पातळ लावून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या मधून टोकांकडे गुंडाळत न्याव्यात. जोर फार लावू नये, कारण सगळे इपॉक्सी पिळून बाहेर आले तर सांधा उपाशी राहतो. कडेने बारीक, सलग धार दिसली की पुरे.

गाभ्याची पट्टी लांबीला कमी पडल्यास जोड मुठीतच घ्यावा, कारण तो भाग वाकत नाही, आणि तोही जाडीच्या दहापट लांबीचा तिरका छेद देऊन. जाडी कमी-जास्त करताना हात जपून चालवावा : ती दहा टक्क्यांनी वाढली, तर ओढ (दोरी खेचायला लागणारा जोर) सुमारे 33 टक्क्यांनी वाढते. नव्या धनुष्यावरची दोरी सराव संपताच उतरवून ठेवावी, आणि इंदूरच्या मे महिन्यात ते बंद गाडीत मुळीच ठेवू नये, कारण साधे इपॉक्सी उष्णतेने मऊ पडते.