ऑटिझम आणि जड धातूंची तपासणी: आधी मूल तोंडात काय घालतं ते सांगा

"मॅडम, केसांची टेस्ट करून घ्यावी का?" ऑटिझम असलेल्या मुलांचे आईबाबा मला हा प्रश्न वरचेवर विचारतात. अंगात पारा, शिसं साठलंय, ते काढलं की मूल बोलायला लागेल, असं कुणीतरी त्यांच्या मनात भरवलेलं असतं. म्हणून चिनूची गोष्ट सांगते. नाव बदललंय, आणि त्याच्या आईबाबांची परवानगी घेतली आहे.

चिनू साडेचार वर्षांचा. घर रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्राला लागून. एका खासगी केंद्राने त्यांना पॅकेज सांगितलं होतं: केसांची आणि लघवीची तपासणी, मग सहा महिने 'डिटॉक्स', म्हणजे औषधाने अंगातले धातू काढणं. त्यासाठी आई दोन बांगड्या मोडायला निघाली होती. बाबांनी केंद्राने दिलेला नमुना रिपोर्ट माझ्या टेबलावर पसरला. शिसं, पारा, आर्सेनिक. प्रत्येकापुढे एक पट्टी आणि बहुतेक पट्ट्या लालभडक. "चिनूच्या अंगात हे असं निघालं तर?"

मी त्यांना पानाच्या तळाची बारीक अक्षरातली ओळ वाचायला लावली. लघवीचा नमुना औषध दिल्यानंतरच्या सहा तासांतला होता. तुलना मात्र औषध न घेतलेल्या माणसांच्या आकड्यांशी केली होती. धातू ओढून बाहेर काढणारं औषध दिल्यावर लघवीतले धातू वाढणारच, तुमचेही आणि माझेही. म्हणूनच अमेरिकेतल्या विषवैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेने ही पद्धत शास्त्राला धरून नाही, असं स्पष्ट म्हटलं आहे. केसांवर शांपू, धूळ, पाणी यांचा परिणाम होतो. २००१ साली अमेरिकेत एकाच निरोगी व्यक्तीचे केस सहा प्रयोगशाळांकडे पाठवले, तर सहा ठिकाणचे आकडे एकमेकांशी जुळले नाहीत. आर्सेनिकचं तर मी सरळ विचारलं, "काल जेवायला काय होतं?" बांगडे होते. मासे खाल्ले की लघवीतलं एकूण आर्सेनिक वाढतं, आणि ते बहुतांशी निरुपद्रवी प्रकारचं असतं.

"पण काढून टाकायला काय हरकत आहे? नुकसान तर नाही ना होत?" बाबा म्हणाले.

इथे मी आडपडदा ठेवत नाही. २००५ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात ऑटिझम असलेल्या पाच वर्षांच्या मुलाला असंच औषध शिरेतून दिलं गेलं. रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरलं, हृदय बंद पडलं आणि मूल गेलं. अशा औषधांनी ऑटिझम कमी होतो, याचा पुरावाही आजवर मिळालेला नाही. हे ऐकून आईने नमुना रिपोर्टची घडी घातली आणि बराच वेळ ती काही बोलली नाही.

मग बाबांना थोडं बाहेर बसवून मी तिच्याशी बोलले. खरी गाठ तिथे होती. गरोदरपणात ती रोज मासे खायची. सासूबाई एकदा बोलून गेल्या होत्या, "तेव्हाच बाधलं असणार." तेव्हापासून तिने माशाला हात लावला नव्हता. धाकटीला गोवर-रुबेलाची लस द्यायचीही टाळली होती, कारण लशीत पारा असतो असं ऐकलेलं. या लशीत पाराच नसतो, हे मी तिला सांगितलं. ऑटिझमची मुळं बहुतांशी जनुकांत आणि जन्माआधीच्या मेंदूच्या घडणीत असतात, हेही सांगितलं. ती रडली. तपासणी करायची ती चिनूसाठी की स्वतःला दोषी ठरवायला, हा प्रश्न तिने स्वतःच बोलून दाखवला.

तरीही 'तपासणी नकोच' असं मी म्हटलं नाही. मी विचारलं, चिनू तोंडात काय काय घालतो? आईला सगळं तोंडपाठ होतं: खडू, माती, आणि जुन्या खिडकीच्या गजांवरचे रंगाचे पोपडे. नखाने सोलून तो चघळत बसायचा. घर आजोबांच्या काळातलं, गजांवर थरावर थर चढवलेला ऑइल पेंट. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारा नियम २०१६ चा. त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. असं काही तोंडात घालणाऱ्या मुलाचं शिसं तपासायलाच हवं, ऑटिझम असो वा नसो. मात्र ते हाताच्या शिरेतून घेतलेल्या रक्तातलं, बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने, कुठलंही औषध न देता.

शिसं डेसिलिटरमागे ७ मायक्रोग्रॅम निघालं, हिमोग्लोबिनही कमी होतं. जागतिक आरोग्य संघटना ५ आणि त्यापुढे गेल्यावर शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करायला सांगते. धातू काढण्याच्या औषधाचा विचार साधारण ४५ पासून. डॉक्टरांनी लोहाचं औषध सुरू केलं, कारण लोह कमी असलं की आतडं शिसं जास्त शोषतं, आणि माती खाण्याची ओढही वाढू शकते. बाबांनी गज कोरडे घासले नाहीत, कारण धूळ उडाली तर त्रास आणखी वाढतो. गजांवर आतून प्लायवूड ठोकलं, चिनूचा पलंग दुसऱ्या खोलीत हलवला आणि रोज ओल्या फडक्याने जमीन पुसायला लागले. चघळायला त्याला सिलिकॉनची माळ दिली. तीन महिन्यांनी आकडा ४ वर आला.

चिनूचा ऑटिझम आहे तसाच आहे, आणि असंच होईल हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. शिसं कमी झालं ते त्याच्या रक्ताच्या आणि मेंदूच्या भल्यासाठी. बांगड्या घरातच राहिल्या. स्पीच थेरपीच्या खर्चाला हातभार लागावा म्हणून केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या, दिव्यांगांसाठी असलेल्या निरामय आरोग्य विम्याचा अर्ज भरला. त्यात वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण मिळतं, आणि थेरपीचा खर्चही धरला जातो. धाकटीची लस त्याच आठवड्यात झाली. आता दोघं विचारतात ते शाळेचं: गावच्या अंगणवाडीत मदतनीस मिळेल का, की रोज रत्नागिरीला आणायचं. सध्या आम्ही त्याच खटपटीत आहोत.