आधी मागे बघ

प्रिय बाळा,

तुझ्या मेसेजात दोन दुखणी एकात एक कालवली आहेत. फुटबॉलच्या सेमीफायनलला तुझ्या पायातला चेंडू गेला आणि त्यावर गोल बसला, हे एक. कोचनी तुला मधून काढून डाव्या कडेला टाकलं, हे दुसरं. आणि शेवटी, ‘सर, खेळ सोडून अभ्यासाला लागू का?’ अभ्यास कर ना, कुणी नको म्हटलंय? पण चेंडू गेला त्याचा आणि अभ्यासाचा काही संबंध नाही. चेंडू गेला कारण तू मागे बघितलं नाहीस.

क्रोएशियाचा मिडफिल्डर झ्वोनिमिर बोबान याचा फोटो डीपीला ठेवलायस, तोही त्या लाथेचा. 13 मे 1990, झाग्रेबचं माक्सिमिर स्टेडियम, युगोस्लाव्हिया अजून एकच देश असतानाचा सामना, क्रोएशियातला दिनामो विरुद्ध सर्बियातला रेड स्टार, स्टँडमध्ये दंगल आणि पोलिसाला लाथ मारायला झेपावलेला दिनामोचा एकवीस वर्षांचा कप्तान. त्यापायी बंदी आली आणि 1990 चा विश्वचषक हुकला. क्रोएशियात त्या लाथेचा अर्थ फार मोठा आहे, मान्य. पण मिडफिल्डरने त्या फोटोतून शिकावं असं त्यात काय आहे? त्यापेक्षा 8 जुलै 1998 ची, विश्वचषकाची फ्रान्सविरुद्धची सेमीफायनल काढ आणि दुसऱ्या हाफची पहिली दोन मिनिटं बघ.

स्वतंत्र देश म्हणून क्रोएशियाचा तो पहिलाच विश्वचषक. 46 व्या मिनिटाला शुकरने गोल केला आणि फ्रान्स आपल्याच घरात मागे पडला. लगेच पुढच्या मिनिटाला चेंडू बोबानकडे आला, आपल्याच पेनल्टी बॉक्सच्या तोंडाशी. तो चेंडूवर जरासा रेंगाळला. तेवढ्यात फ्रान्सचा थुराम अंगावर आला, चेंडू हिसकावला, सोबती जोर्काएफला दिला, परत घेतला आणि जाळ्यात. पुढे 70 व्या मिनिटाच्या सुमाराला दुसरा गोलही थुरामनेच मारला. हा राइट बॅक फ्रान्सकडून 142 सामने खेळला. त्यात त्याचे गोल दोनच, दोन्ही त्या रात्रीचे. बॅकचा गडी इतक्या वर येऊन आपल्याला पकडेल हे आपण हिशेबातच धरत नाही. तुझ्याकडून चेंडू कुणी काढला? त्यांच्या लेफ्ट बॅकनेच ना?

आता जरा गणित कर. पंधरा मीटरवरून जमिनीलगत आलेला बरा पास तुझ्यापर्यंत पोहोचायला साधारण सव्वा सेकंद घेतो. पळत सुटलेला माणूस सेकंदाला सहा-सात मीटर कापतो. म्हणजे पास सुटताना जो आठ मीटर लांब होता, तो चेंडूबरोबरच तुझ्या पाठीवर येतो. ‘मी बघितलं होतं सर’ असं तू म्हणशील. बघितलं असशील, पण पास सुटायच्या आधी, आणि ती बातमी चेंडू येईस्तोवर शिळी झाली. दोनदा बघायचं. चेंडू सोबत्याकडे जात असतो तेव्हा एकदा. त्याच्या पायातून सुटून तुझ्याकडे निघाला की दुसऱ्यांदा, अगदी चोरटं. मग नजर चेंडूवर, कारण पहिला टच डोळे मिटून होत नाही. मात्र सोबती मान वर करून तुला शोधतोय त्याच क्षणी मागे वळू नकोस, तो दुसऱ्याला देऊन मोकळा होईल.

आणि नुसती बुबुळं फिरवायची नाहीत. हनुवटी खांद्यापर्यंत गेली पाहिजे, एकदा डाव्या, एकदा उजव्या. तुझा उजवा खांदा कायम कोरा असतो, हे मी किती वेळा ओरडलोय? आपल्याकडच्या खडबडीत मैदानावर चेंडू कसा उसळेल याची धास्ती असते, म्हणून पोरांची नजर चेंडूला चिकटते. कारण खरं आहे, पण सबब म्हणून चालणार नाही. जिथे चेंडू उसळतो तिथे तर पहिला टच आणखी लवकर ठरवावा लागतो.

बघून झाल्यावर सरळसोट उभा राहिलास तर बघितल्याचा उपयोग शून्य. छाती पासकडे पूर्ण नको, अर्धी वळलेली हवी. वजन चवड्यांवर. मागचा माणूस हाताच्या अंतरावर असेल तर वळायचंच नाही, एका टचमध्ये परत दे. चार-पाच मीटर मोकळे असतील तर चेंडू लांबच्या पायावर घे आणि वळ. मधलं अंतर असेल तर चेंडू बाजूला ढकलून त्याच्यात आणि चेंडूत आपलं अंग घाल. चेंडूवर पाय ठेवून विचार करणं या तिन्हींत कुठेच बसत नाही.

सराव तिघांचा. पास देणारा पंधरा पावलांवर, मध्ये तू, तुझ्यामागे दहा पावलांवर तिसरा. चेंडू सुटला की तिसरा बोटं दाखवेल. चेंडू पायाला लागायच्या आत तू आकडा म्हणायचा. चुकला तर टच कितीही देखणा असो, मोजायचा नाही. वीस चेंडू, मग जागा बदला, असे तीन फेरे. आठवड्यानंतर बोटं बंद: तिसरा कधी धावून येईल, कधी जागेवर राहील, आणि वळायचं की परत द्यायचं हे तू ठरवायचं. या सरावात हमखास होणारी चूक म्हणजे तिसरा गडी कंटाळून बोटं आधीच वर करून ठेवतो. त्याला तसं करू देऊ नकोस. एकटा असशील तर भिंत आहेच. चेंडू भिंतीकडे जाताना मान मागे, परत येताना नजर चेंडूवर.

आता कडेला टाकल्याचं रडगाणं. बोबान 1991 मध्ये इटलीतल्या मिलान क्लबचा झाला आणि पहिलं वर्ष उसनवारीवर बारी या दुसऱ्या क्लबला गेला. तो संघ तर खालच्या श्रेणीत घसरला. परतला तेव्हा इटलीत एका सामन्यात तीनच परदेशी खेळवता यायचे, आणि मिलानकडे व्हॅन बास्टन, गुलिट, रायकार्ड, पापँ, सावीचेविच आणि हा, असे सहा. कोच कॅपेलोच्या चार मिडफिल्डरांच्या रांगेत त्याला कडेलाही खेळावं लागलं. 1994 ला अथेन्समध्ये बार्सिलोनाला 4-0 हरवलं ती चॅम्पियन्स लीगची फायनल त्याने उजव्या बाजूने खेळली. वेआ आणि बियरहॉफ या स्ट्रायकरांच्या मागची हवी ती जागा नंतरच्या कोचने, झाक्केरोनीने, त्याला दिली 1999 च्या वसंतात. तेव्हा तो तीस वर्षांचा होता. मिलानने शेवटचे सातही सामने जिंकून एका गुणाने लीग घेतली. तुला कडेला टाकून तीन आठवडे झालेत, आणि तुझं वय सतरा आहे.

शिवाय कडेला पाठीशी रेषा असते. तिथून कुणी येत नाही, अर्धंच मैदान तपासायचं. मान फिरवण्याची सवय लागायला याहून सोपी जागा नाही. कोचच्या डोक्यात हेच असेल असं मी म्हणत नाही, पण फायदा घ्यायला त्याची परवानगी कशाला लागते?

हट्टी माणसं मला आवडतात, हे उघडच आहे. जानेवारी 2024 मध्ये अध्यक्षांच्या मुदतीचे नियम बदलू नयेत म्हणून बोबानने युएफा या युरोपच्या फुटबॉल संघटनेतली बडी नोकरी सोडली, तो हट्ट मला पटतो. जागेसाठी धरलेला हट्ट नाही पटत. आणि माझा बघण्याचा हट्ट तुला जाच वाटत असेल तर वाटू दे. एवढी एकच गोष्ट फार उशिरा कळली, म्हणून तीच सांगतो.

1998 च्या सेमीफायनलमधल्या त्या चुकीनंतर 65 व्या मिनिटाला बोबान बाहेर गेला. तीन दिवसांनी नेदरलँड्सविरुद्ध तिसऱ्या जागेच्या सामन्याला तोच कप्तान होता. क्रोएशिया 2-1 जिंकला. पुढे आपल्या भारतीय संघाचा कोच झालेला श्टिमाच तेव्हा त्यांच्या बचावात होता. आणि 2001 मध्ये खेळ थांबवल्यावर बोबानने झाग्रेबच्या विद्यापीठातून इतिहासाची पदवी घेतली. तुझ्या अभ्यासाच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

सोमवारी सहाला ये. तिसरा गडी तूच आण, आणि आळशी नको.

तुझे सर