पाम बीच मार्गावर बससाठी स्वतंत्र मार्गिका हवी का?

माझ्या मते नको. नवी मुंबईत तीच जागा आणि तोच पैसा रेल्वे स्थानकांकडे जाणाऱ्या आडव्या रस्त्यांवर खर्च व्हावा. बसचे प्रवासी थांब्यापासून चारपाचशे मीटरच्या आत राहणारे किंवा काम करणारे असतात, आणि पाम बीच मार्गाच्या बऱ्याच लांबीत एका बाजूला खाडी व कांदळवन असल्यामुळे हा परिसर निम्माच उरतो. शिवाय वाशी, सानपाडा, जुईनगर, नेरूळ, सीवूड्स आणि बेलापूर यांना जोडणारी हार्बर रेल्वे लांबच्या प्रवासाची गरज आधीच भागवते. हिशेबही सरळ आहे: दर दोन मिनिटांनी चाळीस प्रवाशांची एक बस धावली, तरच मार्गिकेतून तासाला १,२०० माणसे जातात, म्हणजे प्रत्येकी दीड माणूस असलेल्या ८०० मोटारींइतकी. इतक्या बस तिथे नसतील, तर मार्गिका रिकामी दिसेल आणि लोकांचा विरोध ओढवेल. स्थानकाबाहेर मात्र उभ्या मोटारी आणि रिक्षांच्या गर्दीत बस अडकते, आणि प्रवाशाचा खरा वेळ तिथेच जातो. अपवाद एवढाच, की पाम बीच मार्गावरील ज्या चौकांत बस सिग्नलला रखडते, तिथे चौकाआधीची थोडी लांबी बससाठी राखणे निश्चितच योग्य ठरेल.